अर्जातल्या ‘होय’चं पुढं काय होतं? नागपुरातल्या प्राचार्यांना खुलं पत्र

प्रति,
नागपुरातल्या महाविद्यालयांचे सर्व प्राचार्य
आणि प्रवेशाच्या खिडकीमागे बसणारी सगळी मंडळी

सर, मॅडम, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की तुमच्या खिडकीसमोर रांगा लागतात. अर्ज आता ऑनलाइन भरतात म्हणे, पण प्रिंट काढून, झेरॉक्सची चळत जोडून तो खिडकीत द्यावाच लागतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. त्या अर्जात प्रवर्ग आणि वार्षिक उत्पन्नाच्या आसपास कुठंतरी एक बारका रकाना असतो : दिव्यांग आहे काय? होय / नाही. 2022 साली मी त्यातल्या ‘होय’वर खूण केली, प्रमाणपत्राची प्रत जोडली आणि एसटीनं उमरेडला परत गेले. आज मी एम.ए.ला आहे. मधल्या काळात ओळखीच्या, बिनओळखीच्या बऱ्याच मुलामुलींचे अर्ज भरून दिले. त्या ‘होय’चं पुढं काय होतं, एवढंच सांगायला हे पत्र लिहिते आहे.

खिडकीतल्या बाबूंनी तेव्हा विचारलं होतं, “किती टक्के?” मी म्हटलं, 81. त्यांचा हात थांबला. “अरे बाप्पा, 81 टक्के! मग एवढ्या दूर एकटी कशी काय आली?” तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते दुसरे टक्के विचारत होते. बारावीचे 81, डोळ्यांचे 75. दोघांनाही हसू आलं. त्यांनी दोन्ही आकडे लिहून घेतले. तुमच्या कार्यालयातलं कोणी माझ्याशी माझ्या डोळ्यांबद्दल बोललं, ते तेवढंच.

माझ्या आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. आमच्याकडं म्हातारी माणसं सरळ रातांधळेपणा म्हणतात आणि ते फार चूक नाही. अंधारात काही दिसत नाही, आणि उजेडातसुद्धा कडेचं दिसत नाही. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसतं. ती नळी वर्षागणिक अरुंद होते. तिसरी गोष्ट सहसा कोणाला माहीत नसते : लख्ख उन्हातून सावलीत शिरलं की डोळ्यांना सावरायला फार वेळ लागतो. तुम्ही सिनेमागृहात उशिरा शिरता तेव्हा क्षणभर जे होतं, ते मला दहा-दहा मिनिटं होतं.

आता हे नागपूरच्या उन्हाला लावून बघा. कॉलेजचा पहिला दिवस, जुलैची सुरुवात, पाऊस रुसून बसलेला, सकाळचे अकरा. जुनी इमारत, जाड भिंती, लांबलचक व्हरांडा. उन्हाळ्यात थंड राहावी म्हणून बांधलेली, त्यामुळे आत अंधार. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि सगळं काळं झालं. भिंतीला हात लावून पुढं सरकले तर पाय बादलीत. पुढं बाकडं. शिपाईकाका म्हणाले, “काय मॅडम, झोपेत हाय का?” वर्गांची यादी काचेच्या फळ्यात लावलेली, काचेवर उजेडाची तिरीप. एका मुलाला वाचून मागितली, तो म्हणाला, “तुमचा वर्ग वरच्या मजल्यावर हलवला, काल सूचना लागली ना.” मी वर्गात पोचले तेव्हा हजेरी झाली होती.

कोणी वाईट वागलं अशी माझी तक्रार नाही. शिपाईकाकांनी नंतर तीन वर्षं मला ‘आमच्या मॅडम’ म्हणत जिन्यापर्यंत सोडलं. गोष्ट एवढीच आहे की मी येणार हे त्या इमारतीत कोणालाच माहीत नव्हतं. जून महिन्यात मी ते लेखी कळवलं होतं, तुमच्याच अर्जात, तुमच्याच रकान्यात. ती खूण फीसवलतीच्या यादीपर्यंत गेली, आरक्षणाच्या तक्त्यापर्यंत गेली, वर्षाअखेर कुठल्या तरी अहवालात आकडा म्हणूनही गेली असेल. वर्गावर येणाऱ्या एकाही शिक्षकापर्यंत गेली नाही.

तुम्ही म्हणाल, मुलांनीही तयारी करून यायला पाहिजे. बरोबर आहे. आमची तयारी कशी असते ते जरा ऐका.

दहावी-बारावीपासून कागद गोळा करणं सुरू होतं. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र, यूडीआयडीचं, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखक्रमांकाचं स्वावलंबन कार्ड, एसटीचा सवलतीचा पास, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज. प्रत्येक संकेतस्थळ शेवटी वाकडीतिकडी अक्षरं असलेलं एक चित्र दाखवतं आणि ती ओळखून लिहा म्हणतं, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे सिद्ध होईल. माझं माणूसपण दरवेळी माझा भाऊ सिद्ध करतो. लॅपटॉपवर एनव्हीडीए चालवायला मी अकरावीत शिकले. पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे; ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं 2006 साली ते लिहायला घेतलं, आणि जेम्स तेह हा त्याच्यासारखाच अंध मित्र त्याला येऊन मिळाला. फोनवर तसंच वाचून दाखवणारं टॉकबॅक. सहा महिने डोकं उठलं, मग त्या आवाजाची सवय झाली. आता मी ज्या वेगानं ऐकते तो वेग आईला ऐकवला की ती म्हणते, भांडण चाललंय काय.

आणि रस्ता. प्रवेश पक्का झाल्यावर भाऊ आणि मी दोन रविवारी नागपूरला आलो. गणेशपेठच्या एसटी स्टँडवर उतरलो आणि तिथून कॉलेजपर्यंतचा रस्ता पाठ केला. कुठं नाली उघडी आहे, कोणत्या चौकात ऑटोवाले फूटपाथ अडवतात, फाटकाबाहेर किती पायऱ्या. बाहेरच्या सात. आतल्या मोजता आल्या नाहीत, कारण चौकीदारांनी आत सोडलं नाही. “रविवारी बंद असते बाई.” भावानं समजावून पाहिलं. साहेबांची चिठ्ठी आणा, म्हणाले. साहेब रविवारी नव्हते आणि सोमवारी भावाची नोकरी होती. म्हणून आतल्या पायऱ्यांची ओळख मला पहिल्या दिवशी, बादलीसकट, झाली.

मेट्रोचा इथं एक अनुभव सांगते. नागपूरची मेट्रो 2019 च्या मार्चमध्ये सुरू झाली. सीताबर्डीला गाडी बदलायची तर लिफ्ट आहे, घोषणा होतात, जमिनीवर उंचवट्याची पिवळी पट्टी आहे. मी पायानं ती पट्टी धरून कोणाला न विचारता जाते. स्टेशनच्या दारापाशी पट्टी संपते आणि तिथून तुमच्या फाटकापर्यंतचं शहर पुन्हा माझ्या भावाच्या खांद्यावर येतं.

तर आमची तयारी एवढी होती. तुमची तयारी कुठून सुरू व्हायला हवी होती, ते सांगते. सुरुवात एका फाइलनं.

बी.ए.च्या पहिल्या वर्षी एका सरांना माझी अडचण समजली. मनापासून शिकवणारे सर. त्यांनी स्वतःच्या नोट्सची चाळीस पानांची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि म्हणाले, आता तुला काही अडचण नाही. मी घरी लॅपटॉप उघडला, हेडफोन लावला. एनव्हीडीए वाचू लागलं : एफ, ओ, बार, के, कॅपिटल एफ, के, एच, कॅपिटल झेड. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. त्या आठ खुणांचा अर्थ ‘विद्यार्थी’ असा होतो, हे मला दोन दिवसांनी कळलं. नोट्स कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या होत्या. कृतीदेव, श्रीलिपी वगैरे जुन्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी कळफलकाची अक्षरं असतात. फॉन्ट त्यांना नुसता मराठी सदरा घालतो. डोळ्यांना सदरा दिसतो. आमच्या सॉफ्टवेअरला आतलं दिसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे मंगल किंवा तशा कुठल्याही फॉन्टात, टाइप केलेलं असतं तर ते घडघडा वाचलं असतं.

मी जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारा कन्व्हर्टर शोधला. त्यातून बाहेर पडलेल्या मजकुरात जोडाक्षरं फुटलेली, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसलेले. चाळीस पानं नीट करायला बहिणीला आणि मला तीन आठवडे लागले. तोवर सर पुढच्या प्रकरणावर गेले होते. मी त्यांना हे कधी सांगितलं नाही. त्यांनी इतक्या प्रेमानं पाठवलं होतं, काय सांगणार?

तरी ती फाइल बरी होती. सूचनांचं तर विचारूच नका. कागदावर टाइप करायचं, सही-शिक्का मारायचा, मोबाइलनं तिरका फोटो काढायचा, त्याची पीडीएफ करायची आणि ग्रुपवर टाकायची. माझा लॅपटॉप ती उघडतो, ‘एम्प्टी डॉक्युमेंट’ म्हणतो आणि गप्प बसतो. परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख त्या एम्प्टी डॉक्युमेंटमध्ये असते. सही-शिक्क्याचा कागद जरूर लावा, पण त्याखाली मेसेजमध्येच दोन ओळी टाइप करून टाका. त्याला पैसे लागत नाहीत आणि डोळस मुलांनाही फोटो मोठा करकरून बघावा लागणार नाही.

संदर्भपुस्तकांची यादी वेळेआधी द्या असं आम्ही म्हणतो, त्याचं कारणही हेच. पुस्तक छापील असेल तर कोणीतरी ते पानापानानं स्कॅन करायचं, मग त्यातून मजकूर काढायचा, मग चुका दुरुस्त करायच्या. दोनशे पानांच्या मराठी पुस्तकाला महिना सहज जातो. अशी प्रत करणं बेकायदा नाही. 2012 साली कॉपीराइट कायदा बदलला तेव्हा दिव्यांगांसाठी वाचता येईल अशा रूपात पुस्तक करायला मुभा दिली गेली. सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय 2016 च्या ऑगस्टपासून आहे. माझ्या विषयाची मला हवी होती ती मराठी पुस्तकं मात्र तिथं बहुतेक मिळाली नाहीत. म्हणून जी यादी तुम्ही ऑगस्टमध्ये फळ्यावर लिहिता ती मला जूनमध्ये हवी असते. मी पुढं धावत नसते. ऑगस्टमध्ये बाकीच्यांच्या सोबत पुस्तक उघडता यावं, एवढ्यासाठी.

आता रायटरबद्दल, म्हणजे परीक्षेत आम्ही सांगू ते लिहून देणाऱ्याबद्दल. सरकारी कागदात ‘लेखनिक’ म्हणतात, आम्ही रायटरच म्हणतो.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं 29 ऑगस्ट 2018 ला याचे नियम काढले. त्यात असं होतं : दर तासाला किमान वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. रायटर स्वतःचा आणायचा तर तो परीक्षार्थीपेक्षा शिक्षणानं एक पायरी खालचा हवा. परीक्षा घेणाऱ्यांनी दिला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याची भेट घालून द्यायची. त्या दोन दिवसांचं मोल बाहेरच्या माणसाला कळत नाही. रायटरला सांगून लिहिणं ही वेगळीच विद्या आहे. तुम्ही स्वतः करून बघा एकदा : उत्तर डोक्यात जुळवायचं, पण बोलायचं समोरच्याच्या हाताच्या वेगानं. कुठं नवी ओळ, कुठं अधोरेखन, कुठं स्वल्पविराम, सगळं तोंडानं. मागच्या वाक्यात काय म्हटलं ते लक्षात ठेवायचं, कारण वर नजर टाकून वाचायची सोय नाही. ही विद्या त्या एका रायटरसोबत बसून सराव केल्याशिवाय येत नाही.

माझी पहिली रायटर मला परीक्षेच्या दिवशी, घंटेच्या दहा मिनिटं आधी भेटली. ठरलेली मुलगी आजारी पडली होती, म्हणून तिची नंदनवनातली मैत्रीण सायकल मारत आली. अकरावी कॉमर्स. गुणी पोरगी. पेपर राज्यशास्त्राचा. आम्हाला बसवलं एका सामानाच्या खोलीत, कारण आमच्या बोलण्यानं बाकीच्यांना त्रास होतो. तेही बरोबरच आहे. मे महिना, बाहेर पारा चव्वेचाळीसच्या वर. खोलीत एक जुना कूलर होता. कूलर चालू ठेवला तर माझं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं आणि बंद केला तर दोघींचं भरीत होत होतं. आम्ही दर प्रश्नाला आळीपाळीनं ठरवलं : लहान उत्तराला कूलर बंद, मधे पाच मिनिटं चालू, मोठ्या उत्तराला पुन्हा बंद. शेवटी तिनं एक उत्तर मला वाचून दाखवलं तेव्हा कळलं की संविधानाच्या ‘मूलभूत चौकटी’ची सगळीकडं ‘मूलभूत चौकशी’ झाली आहे. खोडाखोड करता करता जादा तासातला पाव तास गेला. तेवढ्यात पर्यवेक्षक मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात किल्ल्या. “सगळे पेपर बांधून झाले, तुमचं किती राहिलं?” त्यांचीही चूक नव्हती. त्यांची ड्यूटी तीन तासांची लावली होती, चौथ्या तासाचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

यातलं सगळं मे महिन्यात अचानक उगवलं असं तुमच्या कार्यालयाला वाटलं. पण मला रायटर लागणार हे आदल्या जूनपासून तुमच्या कपाटात लिहून ठेवलेलं होतं. प्रत्येक कॉलेजात रासेयोची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं असतात. सप्टेंबरमध्ये त्यातल्या दहा-पंधरा जणांची नावं घ्या, कोण कोणत्या विषयाला चालेल ते बघा, शेजारच्या कनिष्ठ महाविद्यालयाशी बोलून ठेवा, महिन्यातून एकदा आम्हाला एकत्र बसवा. आवाज न करणारा पंखा असलेली खोली आधी बघून ठेवा. आणि चौथ्या तासाची ड्यूटी लावा.

रॅम्पबद्दल फार लिहीत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि माझी अडचण ती नाही. एवढंच पाहिलं आहे की कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायच्या आधी रॅम्पचे, ठिकाणाची नोंद असलेले जिओटॅग फोटो निघतात आणि समिती गेल्यावर तिथं मोटारसायकली लागतात. एका ठिकाणच्या दिव्यांग स्वच्छतागृहाला कुलूप होतं, किल्ली शिपायाकडं, शिपाई बँकेत. व्हीलचेअरवरची माझी एक मैत्रीण कॉलेजच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. मे महिन्यातसुद्धा. याच्यावर मी काय लिहू?

पण ज्यांचं काही दिसत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहायलाच हवेत. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस झाले. त्यात अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजार आहे, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार आहेत. सिकलसेल विदर्भाला नवा नाही, आपल्या भागात गावोगाव त्याची घरं आहेत. तो आजार असलेला मुलगा दिसायला धडधाकट असतो आणि एखाद्या आठवड्यात वेदनेनं अंथरुणातून उठू शकत नाही. त्याची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की तुमचं कार्यालय त्याला उनाड समजतं. मलाही लोक म्हणतात, “दिसते तं काठी काहून घेऊन फिरते?” दिवसा मी पुस्तकाचं मुखपृष्ठ वाचते आणि संध्याकाळी सहानंतर काठी उघडते, हे त्यांना ढोंग वाटतं.

ज्यांचं प्रमाणपत्र चाळीस टक्क्यांच्या खाली आहे त्यांना तर खिडकीतूनच परत पाठवतात. आरक्षणाला चाळीस टक्क्यांची अट आहे, खरंय. पण सोय आणि आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिहिताना हात आखडणाऱ्या विकास कुमार या उमेदवारानं केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्ध रायटरसाठी दाद मागितली, तेव्हा 11 फेब्रुवारी 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं : रायटरसाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येत नाही. काय सोय द्यायची ते त्या व्यक्तीशी बोलून, तिची गरज बघून ठरवायचं, असंही त्या निकालात आहे. मग 2022 च्या ऑगस्टमध्ये चाळीस टक्क्यांखालच्यांसाठी वेगळे नियमही निघाले. ते तुमच्या टेबलावर पोचले नसतील तर मागवून घ्या.

2016 च्या कायद्यातल्या दोन कलमांची तुमच्या कार्यालयात बरोबरी होत नाही. कलम 32 सगळ्यांना पाठ आहे : सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा, वयात पाच वर्षांची सूट. त्याचा तक्ता दरवर्षी भरला जातो. कलम 16 सहसा कोणी उघडत नाही. त्यात लिहिलं आहे की विद्यार्थ्याच्या व्यक्तिगत गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची. गरजेनुसार द्यायचं तर गरज आधी विचारावी लागते. आणि विचारायची कधी? पहिल्या तासाला, साठ मुलांसमोर, “दिव्यांग कोण आहे, हात वर करा”? माझ्या एका वर्गात असं झालं आहे. मी हात वर केला नाही.

म्हणून माझं मागणं एकच आहे. गुणवत्ता यादी लागते तो दिवस आणि पहिला तास यांच्या मधे तुमच्याकडं दोन-तीन आठवडे असतात. त्या आठवड्यांत ‘होय’वर खूण असलेले अर्ज बाजूला काढा. एका महाविद्यालयात ते किती निघतील? हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके, फार तर दोन्ही हातांच्या. एका शिक्षकाला किंवा बाबूला ते काम द्या, मात्र त्याचं नाव आणि नंबर आम्हालाही कळू द्या. आणि त्या प्रत्येकाला एक फोन करा.

फोनवर काय बोलायचं याचं टेन्शन घेऊ नका. आजाराचा इतिहास विचारायचा नाही, “फार हिंमतीची आहेस” म्हणायचं नाही. येशील कशी, वाचतेस कशी, लिहितेस कशी, परीक्षेला काय लागतं, कोणाला सांगितलेलं चालेल आणि कोणाला नाही. शेवटचा प्रश्न विसरू नका. मानसिक आजाराच्या मुलाला तो सगळ्यात आधी हवा असतो. एवढ्याला दहा मिनिटं लागतात. मला कोणी असा फोन केला असता तर मी सांगितलं असतं की माझा वर्ग शक्यतो वारंवार हलवू नका, हलवलात तर मेसेज करा. व्हरांड्यात दोन ट्यूबलाइट लावा. बादली कोपऱ्यात ठेवा. नोट्स युनिकोडमध्ये द्या. आणि एका रविवारी चौकीदारांना सांगून ठेवा की उमरेडहून बहीणभाऊ येणार आहेत, त्यांना पायऱ्या मोजू द्या.

विद्यापीठाला 4 ऑगस्ट 2023 ला शंभर वर्षं झाली. माझं तेव्हा दुसरं वर्ष सुरू होतं. शंभर वर्षांत इथं किती ‘होय’ आले असतील, आणि किती जण अर्ज न भरताच घरी राहिले असतील, याचा विचार त्या दिवशी मनात आला होता. मग बस पकडायची होती म्हणून मी निघाले. दिवेलागणीच्या आत स्टँडवर पोचावं लागतं मला.

पत्र खरं म्हणजे इथंच संपवणार होते. पण काल रात्री आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा अर्ज भरत होतो. यंदा बारावी झाली, बी.एस्सी. करायचं म्हणते. दोन्ही कानांना मशीन आहे, समोरच्याचे ओठ वाचून बोलते. सर फळ्याकडं तोंड करून शिकवायला लागले की तिचा तास तिथंच संपतो. ‘होय’वर खूण झाली, प्रमाणपत्र अपलोड झालं. मोबाइल नंबरच्या रकान्याशी ती थांबली.

“ताई, कोणाचा टाकू? बाबांचा टाकू काय?”

मी म्हटलं, स्वतःचा टाक. कॉलेजवाल्यांना मी पत्र लिहिते आहे, तुला फोन करतील.

ती माझ्याकडं बघत राहिली. “फोन केला तर मला ऐकू येईल काय?”

वर मी चार वर्षांचा अनुभव सांगून तुम्हाला फोन करा, फोन करा म्हणते आहे. तिला फोन करू नका. व्हॉट्सअॅपवर लिहा, मराठीत लिहिलं तरी चालतं. ती लगेच उत्तर देते.

आपली,
तुमच्याच एका महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी
उमरेड, जि. नागपूर